गारांचे ऋतू

गारा पडायला लागल्या की एकाच घरात दोन तऱ्हेची माणसे दिसतात. पोरे अंगणात धावतात, ओंजळीत गारा गोळा करतात, तोंडात टाकतात, वितळायच्या आत कोणाची मोठी म्हणून भांडतात. आणि त्याच घराच्या ओसरीवर घरचा कर्ता माणूस खांबाला टेकून उभा असतो. तो काही बोलत नाही. पत्र्यावर वाजणाऱ्या आवाजावरून तो गारेचा आकार ओळखतो, आणि त्या आवाजावरूनच शेतात उभ्या असलेल्या गव्हाचे, हरभऱ्याचे, द्राक्षाच्या घडांचे काय झाले असेल याचा हिशेब मनात मांडतो. दहा-पंधरा मिनिटांत सगळे संपते. ऊन पडते. अंगणातल्या गारा पाणी होऊन जातात. शेत मात्र झोडपलेलेच राहते.

आपली भाषाही या वस्तूभोवती घोटाळलेली दिसते. गार म्हणजे थंड. गार म्हणजे चकमकीचा दगड, तिच्यावरूनच गारगोटी. आणि गार म्हणजे आभाळातून पडणारा बर्फाचा खडा. थंडपणा, दगडाचा कठीणपणा आणि आभाळ, तिन्ही एकाच शब्दात बसले आहेत. पण या शब्दाने एका प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. बर्फ ही थंडीची वस्तू. मग पौषात हुडहुडी भरलेली असताना आपल्याकडे गारा क्वचित का पडतात, आणि फाल्गुन-चैत्रात घामाच्या धारा लागलेल्या असताना त्या का पडतात?

हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे २३५० वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने हवामानावर एक ग्रंथ लिहिला. त्यात गारांचे प्रकरण आहे आणि ते नेमके याच कोड्यापासून सुरू होते. गार म्हणजे बर्फ, पाणी गोठते हिवाळ्यात, पण गारपीट होते मुख्यतः वसंतात आणि शरदात. भर हिवाळ्यात ती विरळा, असे त्याचे निरीक्षण होते. ते त्याच्या देशापुरते बरोबर होते. त्याच्या आधी शंभर वर्षे होऊन गेलेल्या ॲनॅक्सागोरस नावाच्या विचारवंताने याचे उत्तर दिले होते. त्याचे म्हणणे असे, की उन्हाळ्यात जमिनीवरची उष्णता ढगाला वर ढकलते, वर हवा थंड असते, तिथे ढगातले पाणी गोठते आणि गारा होऊन खाली येते.

ॲरिस्टॉटलला हे पटले नाही. तसे असते तर उंच डोंगरांवर गारा जास्त पडायला हव्या होत्या, जसा बर्फ पडतो. पण तसे दिसत नाही, असा त्याचा आक्षेप. त्याने वेगळीच उपपत्ती मांडली. भोवतालच्या उष्णतेने थंडी ढगाच्या आत कोंडली जाते, दाबली जाते, आणि त्यामुळे पाणी जमिनीजवळच झटकन गोठते. ॲरिस्टॉटलचे नाव मोठे. पुढची शतकानुशतके त्याचेच म्हणणे चालले. आज आपण जाणतो, की मुख्य मुद्द्यावर ॲनॅक्सागोरस बरोबर होता.

आपण जमिनीपासून जसजसे वर जाऊ तसतशी हवा थंड होत जाते. दर किलोमीटरला साधारण सहा-साडेसहा अंश, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे नागपुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकलेला असला, तरी त्याच नागपूरच्या डोक्यावर चार-पाच किलोमीटर उंचीवर पाणी गोठण्याइतकी थंडी असते. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर बारा महिने हिवाळाच असतो, फक्त तो किती उंचीवर सुरू होतो एवढेच ऋतूप्रमाणे बदलते. गारांची सारी कथा या उंचीवर आणि तिथवर पोचणाऱ्या वाऱ्यावर अवलंबून आहे.

तापलेल्या जमिनीवरची दमट हवा हलकी होऊन वर चढते. तिचा ढग होतो, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर तो दहा-बारा किलोमीटर, कधी त्याहूनही उंच वाढतो. या ढगाच्या वरच्या भागात पाण्याचे बारीक थेंब शून्याच्या खाली दहा-वीस अंशांवरही पाणीच राहिलेले असतात. हे विचित्र वाटेल, पण गोठायला सुरुवात करून देणारा एखादा कण लागतो, तो मिळेपर्यंत असे थेंब तसेच तरंगत राहतात. अशा थेंबांच्या गर्दीत एखादा बर्फाचा कण शिरला की थेंब त्याला लागतात आणि लागल्या क्षणी गोठतात. कण वाढत जातो. खालून येणारा वाऱ्याचा झोत त्याला तोलून धरतो. झोत जितका जोरदार, तितका वेळ गार वर राहते आणि तितकी मोठी होते. मोठ्या लिंबाएवढी गार तोलायला वर जाणाऱ्या वाऱ्याचा वेग ताशी नव्वद-शंभर किलोमीटर लागतो. ज्या क्षणी गारेचे वजन झोताला पेलत नाही, त्या क्षणी ती सुटते.

मोठी गार मधोमध कापली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक पांढुरका, एक काचेसारखा. पूर्वी असे सांगत, की गार ढगात खालीवर हेलपाटे घालते आणि प्रत्येक हेलपाट्याला एक पापुद्रा चढतो. हे चित्र आता मागे पडले आहे. बहुतेक वेळा वाऱ्याच्या झोतातून एकच मोठी फेरी पुरते. पाणी थोडे असेल तर ते झटकन गोठते, मध्ये हवा अडकते आणि थर पांढरा होतो. पाणी भरपूर असेल तर ते आधी गारेवर पसरते, मग सावकाश गोठते आणि थर पारदर्शक होतो. गारेच्या पापुद्र्यांत तिच्या प्रवासाची नोंदच असते म्हणा ना.

आता ऋतूंकडे वळू. गारपिटीला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. खाली उष्ण आणि दमट हवा हवी. वर थंड आणि कोरडी हवा हवी. आणि उंचीबरोबर वाऱ्याची दिशा व वेग बदलता हवा, म्हणजे ढग तिरका होतो आणि त्यातून पडणारा पाऊस वर चढणाऱ्या झोताचाच गळा दाबत नाही. हे तीन पाहुणे एकाच घरी केव्हा जमतात, ते पाहिले की गारांचे वेळापत्रक उलगडते.

हिवाळ्यात, डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेली वादळी हवा पश्चिमेकडून उत्तर भारतात येते. हवामानखाते तिला पश्चिमी विक्षोभ म्हणते. वरची हवा तेव्हा चांगलीच थंड असते, पण जमीन तापलेली नसते. झोत दुबळा पडतो. म्हणून पंजाब, हिमाचलाकडे हिवाळ्यात गारा पडतात त्या बहुधा बारीक असतात. गोठण्याची पातळी जमिनीच्या जवळ असल्यामुळे त्या खाली येताना वितळत नाहीत, एवढेच.

फेब्रुवारी संपता संपता चित्र पालटते. जमीन तापू लागते, पण वरचा हिवाळा अजून हटलेला नसतो. पश्चिमी विक्षोभांची ये-जा चालू असते, उंचावरचे पश्चिमी वारे जोरात असतात, आणि अरबी समुद्र व बंगालचा उपसागर या दोन्हींकडून ओलावा येऊ शकतो. म्हणजे तिन्ही पाहुणे हजर. म्हणूनच विदर्भ-मराठवाड्यात गारांचा मुख्य काळ फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतचा. उन्हाळा जसा वर सरकतो, तशी गारपिटीची जागाही उत्तरेकडे सरकते. हिमालयाच्या पायथ्याशी एप्रिल-मे हे गारांचे महिने. बंगालकडे याच दिवसांत कालवैशाखीची वादळे होतात, तशीच ती आपल्या वळिवाच्या घराण्यातली.

मग जून येतो, मान्सून येतो. ढग भरपूर, पाणी भरपूर, आणि गारा मात्र जवळजवळ नाहीतच. कारण आता वरची हवाही उबदार आणि दमट झालेली असते. गोठण्याची पातळी फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे चार किलोमीटरच्या आसपास असते, ती पावसाळ्यात पाच-साडेपाच किलोमीटरवर गेलेली असते. खालच्या आणि वरच्या हवेतली तफावत कमी झाल्याने झोतात तो जोर राहत नाही. पाणी वरच्या थंडीपर्यंत पोचण्याआधीच पाऊस होऊन पडते. जे थोडे गोठते तेही साडेपाच किलोमीटरच्या उतरणीत वितळून जाते. आषाढात आपल्या अंगावर पडणारा एखादा टपोरा थेंब क्षणापूर्वी बर्फाचा खडा असू शकतो. पुढे ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा गडगडाटी पाऊस होतो, पण वरची हवा अजून उबदारच असल्याने गारा क्वचित आणि बहुधा लहान.

इथे मला कालिदासाची आठवण होते. मेघदूतातला मेघ आषाढात रामगिरीवरून, म्हणजे प्रचलित समजुतीप्रमाणे आपल्या नागपूरजवळच्या रामटेकवरून निघतो. वाटेत आम्रकूट पर्वतावरचा वणवा तो सरींनी विझवतो, विदिशा, उज्जयिनी ओलांडतो. या साऱ्या मैदानी वाटेवर यक्ष त्याला फक्त पाणी बरसायला सांगतो. गारा पाडायला सांगतो ते मेघ हिमालयात पोचल्यावर, अंगावर धावून येणाऱ्या शरभांना पळवून लावण्यासाठी. कालिदासाला हवामानशास्त्र येत होते असे मला म्हणायचे नाही. पण आषाढातली गार रामटेकला नव्हे, हिमालयात शोभते, एवढी नजर त्या कवीच्या देशाटनात नक्कीच होती. उंच पहाडावर जमीनच गोठण्याच्या पातळीजवळ असते. गारेला वितळायला वाट उरत नाही.

युरोप-अमेरिकेत ऋतूंचे गणित आणखी वेगळे. तिथे वरची हवा एरवीही थंडच, कमतरता असते ती खालच्या उष्णतेची. ती उन्हाळ्यात मिळते, म्हणून तिथल्या मोठ्या गारपिटी मे ते ऑगस्टमधल्या. १३ जुलै १७८८ रोजी फ्रान्समध्ये अशी गारपीट झाली, की दोन समांतर पट्ट्यांत शेकडो किलोमीटरची उभी पिके आडवी झाली. पुढच्या वर्षी तिथे पाव महागला आणि क्रांतीही झाली. क्रांतीची कारणे अनेक होती, गारांच्या माथी ती मारता येणार नाही. पण भुकेत त्या गारांचा वाटा होता. आजवर तोललेली सर्वांत जड गार, १ किलो २० ग्रॅमची, १४ एप्रिल १९८६ रोजी बांगलादेशात गोपालगंजला पडली. त्या गारपिटीत ९२ माणसे गेली. सर्वांत रुंद गार, २० सेंटिमीटर व्यासाची, २३ जुलै २०१० रोजी अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातल्या व्हिव्हियन या गावी पडली. एक एप्रिलमधली, एक जुलैमधली. देश बदलला की गारांचा महिना बदलतो, कारण मात्र तेच राहते.

गारांचा इतिहास लिहिणाऱ्याची एक मोठी अडचण असते. पुराची खूण भिंतीवर राहते, भूकंपाची भेग जमिनीत राहते, गार मात्र तासाभरात नाहीशी होते. मागे उरते ती फक्त माणसांची साक्ष. साक्ष नसेल तर काय होते, याचे उदाहरण उत्तराखंडातल्या रूपकुंडाचे. सुमारे ५००० मीटर उंचीवरच्या या तळ्याकाठी शेकडो माणसांचे सांगाडे आहेत. १९४२ साली एका वनरक्षकाने ते पाहिल्यावर त्यांचा बोभाटा झाला. २००४ साली तिथे गेलेल्या तुकडीत आणि पुढच्या अभ्यासात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अभ्यासकही होते. काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोल माराच्या खुणा दिसल्या, आणि नवव्या शतकातल्या एका भीषण गारपिटीत हा सारा जथा मेला, अशी गोष्ट जगभर झाली. २०१९ साली ३८ जणांच्या हाडांमधल्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले काही जण इसवी सन ८००च्या सुमाराचे निघाले, तर काही १८००च्या सुमाराचे, आणि या दुसऱ्या गटातल्या बहुतेकांचे मूळ चक्क पूर्व भूमध्य प्रदेशातले. म्हणजे सगळे एकाच वादळात गेले, हे टिकत नाही. काही जण गारांनी मेले असतील. पण त्या गारा पाहणारा कोणी लिहून ठेवायला उरला नाही.

लिहून ठेवण्याचे काम आपल्याकडे सुरू झाले त्यात मुंबईचा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक होते डॉ. जॉर्ज बुइस्ट. हेच पत्र १८६१पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाले. बुइस्ट काही काळ कुलाब्याच्या वेधशाळेचेही काम पाहत होते. संपादकाच्या टेबलावर गावोगावच्या बातम्या येतच असतात, वेधशाळेच्या माणसाला त्या नोंदवून ठेवण्याची सवय असते. दोन्ही गुण एका माणसात आले, आणि मार्च १८५१ ते मे १८५५ या काळातल्या भारतातल्या ठळक गारपिटींचा त्यांनी केलेला आढावा १८५५ साली ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेच्या वार्षिक सभेपुढे आला. आजच्या मापाने ती यादी अपुरीच. जिथे छावणी, कचेरी किंवा निळीची कोठी, तिथल्या गारांना कागद मिळाला. कुणब्याच्या शेतातल्या गारांना तो क्वचितच मिळाला असेल. तरी सुरुवात झाली.

१८७५ साली भारतीय हवामानखाते स्थापन झाले. त्यानंतर तेरा वर्षांनी, ३० एप्रिल १८८८ रोजी, उत्तरेत मुरादाबादच्या परिसरावर गारपीट कोसळली. गारा हंसाच्या अंड्याएवढ्या, संत्र्याएवढ्या, क्रिकेटच्या चेंडूएवढ्या होत्या, अशी वर्णने आहेत. २४६ माणसे मेली, आणि मेंढ्या-बकऱ्या मेल्या त्या सोळाशेच्यावर. उघड्यावर सापडलेल्यांना आडोसा मिळाला नाही. गारांचा मार आणि त्यापाठोपाठची जीवघेणी थंडी यांनी ती गेली. जागतिक हवामान संघटनेने २०१७ साली अशा घटनांचे उच्चांक ठरवले, तेव्हा गारपिटीतल्या सर्वाधिक मृत्यूंची जगातली नोंद म्हणून हीच घटना मान्य केली. हा उच्चांक भारताच्या नावे आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? आणि तोही ठाऊक झाला तो कुणीतरी माणसे मोजली, जनावरे मोजली, कागद जपून ठेवला म्हणून.

हे मोजण्याचे काम जॉन इलियट यांनी नेटाने केले. हवामानखात्याची सूत्रे १८८९मध्ये त्यांच्याकडे आली. १८८३ ते १८९७ या पंधरा वर्षांतल्या गारपिटींचा त्यांचा अभ्यास १८९९ साली प्रसिद्ध झाला. ५९७ गारपिटींपैकी १५३ वेळा गारा तीन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या होत्या, असे त्यात आढळले. म्हणजे चारांतली एक. भारतातली गारपीट ही पोरांच्या खेळातली वस्तू नव्हे, हे आकड्यांनी पहिल्यांदा सिद्ध झाले.

पण ज्याचे पीक उभे आहे त्याला पंधरा वर्षांची सरासरी काय करायची? त्याला आजचे आभाळ टाळायचे असते. विदर्भात यासाठी एक स्वतंत्र व्यवसायच होता, गारपगारी. नावातच गार आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरील ग्रंथात या समाजाची माहिती आहे. मूळचे हे नाथपंथी जोगी. आभाळ काळवंडले की गारपगाऱ्याने मारुतीच्या देवळापुढे उभे राहायचे, मंत्र म्हणायचे, आर्जव करायचे, आणि गारा गावाच्या शिवेबाहेर घालवायच्या. त्याबद्दल शेतकऱ्यांनी त्याला मोबदला द्यायचा. वादळ अंगावर येत असताना सगळे गाव आडोशाला पळत असे, आणि हा एक माणूस त्याच्या समोर उभा राहत असे. त्याच्या विद्येबद्दल काहीही म्हणा, त्याची नोकरी सोपी नव्हती.

आपण याला भोळेपणा म्हणू. म्हणायच्या आधी त्याच काळात युरोपात काय चालले होते ते पाहू. १८९६ साली ऑस्ट्रियाच्या स्टिरिया प्रांतात, आज स्लोव्हेनियात असलेल्या एका गावी, आल्बर्ट श्टिगर नावाचे नगराध्यक्ष राहत. त्यांचे द्राक्षाचे मळे होते. गारांनी ते वारंवार मार खात. त्यांनी लहान तोफांवर धुराड्यासारखे प्रचंड कर्णे बसवले आणि ढग आले की आभाळाकडे बार काढायला सुरुवात केली. पहिली दोन वर्षे गावात गारा पडल्या नाहीत. बातमी पसरली. इटलीतल्या द्राक्षमळ्यांत हजारोंनी तोफा उभ्या राहिल्या. परिषदा भरल्या. शेवटी १९०२च्या ग्राझ येथील परिषदेनंतर ऑस्ट्रिया आणि इटली या दोन्ही सरकारांनी शिस्तशीर चाचण्या घेतल्या. तोफा गरजत असतानाच गारा पडल्या. १९०५च्या सुमारास हा सारा खटाटोप थंडावला.

मारुतीपुढचा गारपगारी आणि तोफेमागचा नगराध्यक्ष, दोघांनाही एकच गोष्ट साथ देत होती, ती म्हणजे गारेचा स्वभाव. गारपीट सगळ्या तालुक्यावर सारखी पडत नाही. ती पट्ट्याने जाते. पट्टा कधी काहीशे मीटर, कधी काही किलोमीटर रुंद. एका बांधाच्या अलीकडे धूळधाण आणि पलीकडे पान हललेले नाही, असे अनेकांनी पाहिले असेल. म्हणजे काळा ढग दहादा आला तर नऊदा तो आपल्या शेताला सोडूनच जाणार. त्या नऊ वेळा जो उपाय केला असेल तो लागू पडल्यासारखा वाटतो. दहाव्या वेळी उपाय करताना चूक झाली असे म्हणायची सोय असतेच. ही फसगत अडाणीपणाची नाही, ती गारांच्या पट्ट्यातच दडलेली आहे. तिच्यातून सुटायचे तर एकच वाट, उपाय केलेली आणि न केलेली शिवारे वर्षानुवर्षे शेजारी ठेवून मोजत राहणे.

विसाव्या शतकात ते झाले. १९४६ साली अमेरिकेत ढगात कृत्रिम रीतीने बर्फाचे कण तयार करण्याची विद्या सापडली. विचार असा, की ढगात खूप गर्भ पेरले तर पाणी त्यांच्यात वाटले जाईल, एकही गार मोठी होणार नाही. सोव्हिएत संघाने कॉकेशसमध्ये रॉकेटे आणि तोफगोळ्यांनी रसायने ढगात सोडली आणि मोठ्या यशाचे दावे केले. मग अमेरिकेने १९७२ ते १९७४ या काळात कोलोराडोत, आणि स्वित्झर्लंडमध्ये १९७७ ते १९८१ या काळात काटेकोर प्रयोग झाले. दोन्हींत गारा कमी झाल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. तरीही २०१०च्या सुमारास हिमाचलच्या सफरचंदांच्या पट्ट्यात गारविरोधी तोफा आल्याच. पीक डोळ्यांदेखत जात असेल तर माणूस काहीही करून पाहतो. त्याला हसू नये. पण त्याला विकणाऱ्याकडून मोजणीचा कागद जरूर मागावा.

याचे मोल २०१४ साली महाराष्ट्राला कळले. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटींची रांगच लागली. पश्चिमी विक्षोभांचा जोर नेहमीपेक्षा दक्षिणेकडे उतरला, दोन्ही समुद्रांकडून ओलावा आला, आणि वर थंड हवा होतीच. राज्यातले बहुतेक जिल्हे कमीअधिक सापडले. गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्ष, डाळिंब, संत्री, आंब्याचा मोहोर, सगळ्यांवर घाव बसला. शिवारांत पांढऱ्या गारांचा थर साचलेली छायाचित्रे पाहून काश्मीरची आठवण झाली, असे शहरातली माणसे म्हणाली. ज्यांचे शिवार होते त्यांना तसे वाटले नसेल.

त्या नुकसानीच्या मुळाशी ऋतूंची एक क्रूर गाठ आहे. रब्बीचे पीक पिकून कापणीला येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, द्राक्षात साखर भरते तीही तेव्हाच, आणि गारांचे तिन्ही पाहुणे जमतात तेही तेव्हाच. जून-जुलैत शेतात कोवळे रोप असते, पण तेव्हा गारा नसतात. शेतकऱ्याने वर्षभराचा खर्च आणि श्रम ज्या पंधरवड्यासाठी केलेले असतात, त्याच पंधरवड्यात आभाळ दगड मारते. दुष्काळाची चाहूल महिनाभर आधी लागते, गारपिटीला दहा मिनिटे पुरतात.

आणि पुन्हा तोच पुराव्याचा प्रश्न. २०१६ साली सुरू झालेल्या पीकविमा योजनेत गारपिटीसारखे स्थानिक नुकसान ७२ तासांत कळवण्याची अट होती. गार तर तासाभरात वितळलेली. मग पंचनामा कशाचा करायचा? फाटलेल्या पानांचा, डाग पडलेल्या घडांचा, आणि लोकांच्या तोंडच्या गोष्टींचा. बुइस्ट आणि इलियट ज्या अडचणीशी झगडत होते, तीच अडचण दीडशे वर्षांनी तलाठ्यापुढे आणि शेतकऱ्यापुढे उभी.

गारा थांबवण्याची विद्या आपल्यापाशी नाही. पण काही गोष्टी आहेत. डॉप्लर रडार ढगाच्या आत पाहू शकते, आणि पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा देता येतो. एवढा वेळ काढलेला माल झाकायला, जनावरे गोठ्यात आणायला, मेंढपाळाला आडोसा गाठायला पुरतो. मुरादाबादला त्या दिवशी एवढाच वेळ मिळाला असता तर उघड्यावरची किती माणसे वाचली असती! हिमाचलात सफरचंदांवर जाळी घालतात, आपल्याकडे काही बागायतदार द्राक्षांवर आच्छादन घालतात. खर्च जबर आहे, पण मोजून पाहता येईल असा उपाय आहे. आणि आपल्या भागात गारांचे नेमके दिवस कोणते हे ठाऊक असेल, तर लवकर तयार होणारे वाण निवडून कापणी आठ-दहा दिवस अलीकडे आणण्याचा विचार करता येतो. त्यासाठी मात्र आपल्या भागाची नोंद हवी, दिल्लीची किंवा नागपूरची नव्हे, आपल्या शिवाराची.

म्हणून शेवटी पुन्हा अंगणातल्या त्या पोरांकडे येतो. पुढच्या वेळी गारा पडतील तेव्हा, वादळ थांबल्यावर, त्यांना एक काम सांगा. सर्वांत मोठी गार एका नाण्याशेजारी ठेवून तिचा आकार पाहायचा, तारीख आणि वेळ लिहायची, गारा कोणत्या शिवारापासून कोणत्या शिवारापर्यंत पडल्या ते विचारून घ्यायचे. शाळेच्या एका वहीत हे दहा वर्षे लिहिले गेले, तर त्या गावाला आपला गारांचा ऋतू कळेल. गार तोंडात टाकायला काही हरकत नाही. फक्त मोजून झाल्यावर टाकावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)